आधी दार, मग निरोप

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण ताईचं भरत होतं. ती कवळ्या करायची. दातांचे डॉक्टर माणसाच्या जबड्याचा ठसा घेऊन पाठवत. ताई त्यावरून प्लास्टरचा साचा ओतायची, गुलाबी मेणाच्या हिरड्या करायची आणि त्यात एकेक दात असा बसवायची, की वर्षानुवर्षं तोंड मिटून बसलेली माणसं फोटो काढताना पुढच्या रांगेत घुसू लागत. वस्तीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू तिच्या हातचं होतं. सगळे तिला कवळीताई म्हणत आणि तिची त्याला काही हरकत नव्हती.

हरकत होती ती फक्त दारावरच्या बेलची. बेल वाजली की तिच्या हातातला मेणाचा चाकू जागच्या जागी थांबे. मग ती आधी मागच्या खोलीकडे बघे, मग दाराच्या भिंगातून बाहेर, आणि मगच कडी काढे. गिऱ्हाइकांना वाटे, बाई भारी कामात आहे. बाई कामात नसे, बाई घाबरलेली असे.

मागच्या खोलीत तिची धाकटी बहीण राहत होती. धाकटीचा नवरा मालाचे ट्रक चालवायचा. त्याला रागीट म्हणणं म्हणजे वाघाला मांजर म्हणणं झालं. एकदा त्याने धाकटीचे पुढचे दोन दात पाडले. ते दोन दात ताईनेच करून दिले. डोळ्यांतलं पाणी पुसत पुसत केले, त्यामुळे डाव्या दाताचा रंग जरासा चुकला, तो उजव्याहून पांढरा झाला. पुन्हा करून देते म्हणून ताई किती मागे लागली, पण धाकटी नको म्हणाली. तेव्हापासून ती हसायचीच कमी, आणि हसली तरी तोंडावर हात ठेवून.

नवऱ्याकडून निघाल्यावर ती आधी लांबच्या गावी मैत्रिणीच्या खोलीवर राहिली होती. नवा फोन नंबर घेतला, आणि सगळं जग ज्या मोठ्या साइटवर असतं तिथे नव्या नावाने अकाउंट उघडलं. कोणी चुगली केली नाही, कोणी पत्ता फोडला नाही. साइटनेच कोणाच्या फोनमध्ये कोणाचा नंबर आहे ते जुळवलं आणि धाकटीचा मैत्रिणीबरोबरचा फोटो नवऱ्यापुढे नेऊन धरला: या बाई तुमच्या ओळखीच्या असतील. आठवडा उलटायच्या आत तो मैत्रिणीच्या दारात उभा होता. शेजारी धावले म्हणून धाकटी वाचली. ताईने साइटकडे तक्रार केली. तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे, असं यंत्राने उलट कळवलं. साइटच्या घरात माणूस राहतच नव्हता, तर दाद मागायची कोणाकडे?

धाकटी ताईकडे आली. नवऱ्याला हे घर ठाऊक नव्हतं, कारण मधल्या काळात ताईने जागा बदलली होती. दोघींनी मोठी साइट सोडली आणि एक्सरेच्या सर्व्हरवर आल्या. एक्सरे म्हणजे दवाखान्यात एक्स-रे काढणारा एक शांत माणूस. त्याने घरातल्या कपाटात एक जुना कॉम्प्युटर चालू ठेवून दंतकारागिरांना फोटो टाकायला आणि गप्पा मारायला छोटासा सर्व्हर उभा केला होता. तो चालवणारा प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला होता. ज्याला वाचता येईल त्याने वाचावा, हवा त्याने फुकट वापरावा. असे हजारो सर्व्हर होते. कोणी शिक्षकांचा, कोणी पक्षी बघणाऱ्यांचा, आणि प्रत्येकाला आपापला राखणदार. एका घरातलं बोलणं दुसऱ्या घरात जाऊ शकत होतं, पण तुमच्या ओळखीच्या असतील म्हणून कोणी कोणाला कोणाच्या दारात नेऊन उभं करत नव्हतं. ताई तिथे कवळ्यांचे फोटो टाकू लागली. देशोदेशीचे कवळीकार तिच्या हिरड्यांची वाहवा करत. ती दुधाने तोंड पोळलेली बाई, ताकही फुंकून प्यायची. फोटोत फक्त कवळी असे, बाकी काही येऊ द्यायची नाही.

एकदाच आलं. ड्रायव्हरकाका नावाच्या गिऱ्हाइकाची कवळी फार सुरेख जमली होती. खुद्द काकांनीच फोटो टाका म्हणून आग्रह धरला. ताईने कवळी टेबलावर ठेवली, खिडकीचा उजेड घेतला, फोटो काढला, रीतीप्रमाणे धाकटीला दाखवला आणि सर्व्हरवर टाकला. चारदोन दिवस गेले. दुपारी एक्सरेचा फोन आला. सगळं बघून झाल्यावर फोटोच्या कडा बघायची त्याला धंद्याची सवय होती.

“ताई,” तो म्हणाला, “मागच्या आरशात कोण आहे?”

ताईने फोटो उघडला. टेबलामागे भिंतीवर छोटा आरसा होता, गिऱ्हाइकांना कवळी घालून बघायला. त्या आरशात धाकटीचा चेहरा होता, स्पष्ट. आणि तिच्या खांद्यावरून खिडकीबाहेरच्या चष्म्याच्या दुकानाची पाटी. उलटी, पण ज्याला वाचायची त्याला वाचता येईल अशी.

ताईची दातखिळी बसली. कवळीवाल्या बाईची दातखिळी, यावर एरवी तिनेच विनोद केला असता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, हिने दात दाखवून ओढवून घेतलं होतं. तिने बोटाने पान वर सरकवलं तर खाली त्याहून वाईट दिसलं. ड्रायव्हरकाकांनी तो फोटो अभिमानाने पुढे पाठवला होता, आणि काकांचं अकाउंट होतं ट्रक ड्रायव्हरांच्या सर्व्हरवर. मालाचे ट्रक चालवणाऱ्यांचाही असा सर्व्हर असतो हे तिला तेव्हा कळलं. म्हणजे सशाचा फोटो लांडग्यांच्या गुहेत लावलेला होता.

तिने काय करावं? घाबरलेला माणूस आधी दार लावतो. समोर बटण होतं, तो अख्खा सर्व्हर ब्लॉक करायचं. तिने ते दाबलं. आता तिकडचं कोणी आपल्याला बघणार नाही, म्हणून जरा धीर आला. मग तिने फोटो डिलीट केला. मग फोनमधूनही काढून टाकला, कचऱ्याच्या डब्यातूनसुद्धा. आणि एक्सरेला फोन करून सांगितलं, की आधी तो सर्व्हर बंद केला आणि मग फोटो पुसला, आता काळजी नाही.

एक्सरेने तिला हळूहळू समजावलं. इथे एकच मोठी पेढी नाही. फोटो दुसऱ्या सर्व्हरवर गेला की त्याची प्रत तिथे राहते. आपण पुसला की आपला सर्व्हर बाकीच्यांना निरोप पाठवतो, तुमच्याकडचाही पुसा. बहुतेक जण पुसतात. पण निरोप एकदाच निघतो, आणि ज्या घराचं दार आपणच लावून घेतलं त्या घरी तो जात नाही.

“म्हणजे?” ताई म्हणाली.

“म्हणजे जगात सगळीकडचा गेला असेल,” एक्सरे म्हणाला. “फक्त ड्रायव्हरांकडचा राहिला.”

ताईने फोन ठेवला. समोर साचे मांडलेले होते आणि सगळे जबडे आ वासून तिच्याकडे बघत होते. तिने धाकटीला हाक मारली आणि सगळं सांगितलं. धाकटी पांढरीफटक पडली, पण रडली नाही. तिने आधी खिडकीचा पडदा ओढला आणि मग आरसा भिंतीवरून काढून पालथा ठेवला. त्याने आता काय होणार होतं, पण हाताला काहीतरी करायला हवं होतं.

एकच वाट उरली होती. त्या सर्व्हरच्या राखणदाराला माणूस माणसाला विचारतो तसं विचारायचं. राखणदार कोणी बाई होती, हमरस्त्यावर तिचं पंक्चरचं दुकान होतं आणि सगळे ड्रायव्हर तिला मावशी म्हणत, एवढं एक्सरेला ठाऊक होतं. हे ऐकून ताईचा धीर आणखी सुटला. सगळे ड्रायव्हर म्हणजे धाकटीचा नवराही आलाच. त्याचीही चाकं तिथेच निघत असतील, त्याचाही चहा तिथेच होत असेल. आणि मोठी पंचाईत अशी, की फोटो पुसा म्हणायचं तर त्यात काय आहे ते बोट ठेवून दाखवल्यासारखं होणार. आज त्या फोटोत लोकांना दात दिसत होते. उद्या चेहरा दिसला असता.

म्हणून ताईने थाप मारली. ब्लॉक काढला आणि मावशीला लिहिलं, की गिऱ्हाइकाची परवानगी न घेता फोटो टाकला गेला, कृपया पुसावा. मावशीचं उत्तर लगेच आलं. तिने लिहिलं होतं, गिऱ्हाईक तर स्वतःच गावभर दाखवत फिरतंय, दुकानात येऊन त्याने आमच्यापुढे कवळी काढूनसुद्धा दाखवली. मग पुसायचं कशाला? खोटं बोलावं तर पचेल असं बोलावं. ताईला त्यातलं काही येत नव्हतं.

आणि मग दुसरी ओळ उमटली. “आरशातली बाई तुमची कोण?”

ताईने फोन टेबलावर असा टाकला की जणू तो पोळला. तिने बघितलंय. पंक्चरवाल्या बाईने बघितलंय, म्हणजे आणखी कोणी कोणी बघितलं असेल. ताई उठली, दाराची कडी बघून आली, परत बसली, परत उठली. ती धाकटीला म्हणाली, बॅग भर, आपण निघू. कुठे निघू ते तिला माहीत नव्हतं. मावशी त्या नवऱ्याच्या ओळखीची निघाली तर? खरं सांगितलं आणि तिने ते सरळ त्याच्या कानावर घातलं तर?

धाकटीने बॅग काढली नाही. तिने फोन उचलला. ताई नको नको म्हणत हात पुढे करत होती, तिच्याकडे पाठ करून तिने लिहिलं, “ती मीच. माझा नवरा ट्रक चालवतो. त्याला मी सापडायला नको.” आणि पाठवून टाकलं.

मग वाट बघणं आलं. रस्त्यावरून एखादा ट्रक गेला की खिडकीची काच थरथरायची आणि दोघी पडद्याकडे बघायच्या. एक तर नेमका समोरच थांबला, इंजिन चालू ठेवून. ताईने धाकटीचा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. मग तो गेला. चष्म्याच्या दुकानात खोकी उतरवायला आला होता.

फोन वाजला. “पुसते,” मावशीने लिहिलं होतं. “असा एक माझ्याही घरात होता. एक सांगते, त्या फोटोखाली एकाने दुकान कुठे आहे म्हणून विचारलंय.”

ताईने डोळे मिटून घेतले. धाकटीने लिहून विचारलं, कोण?

उत्तर यायला जरा वेळ लागला. मावशीने लिहिलं, तो आपलाच म्हातारा क्लीनर आहे, खालचे सगळे दात गेलेत, वर्षभर पेजेवर आहे. त्याला कवळी हवीय. कोणी पत्ता दिलेला नाही आणि मीही देणार नाही.

ताई हसली की रडली ते तिचं तिलाच कळलं नाही. नवऱ्याने फोटो बघितला नसेलच असं मावशीही सांगू शकत नव्हती आणि ते कोणीच सांगू शकलं नसतं. पण निदान विचारणारा तो नव्हता. एवढ्यात आणखी एक ओळ आली: “पुसायच्या आधी तुम्हाला ठेवायला पाठवू का? फार छान आलाय.”

“नको म्हण,” ताई ताबडतोब म्हणाली. “सगळा जाऊ दे. राखसुद्धा नको.”

धाकटी फोन हातात धरून उभी राहिली.

“ताई, मला तो आरसा दिसला होता,” ती म्हणाली. “तू टाकायच्या आधी मला दाखवलास ना, तेव्हाच. मी आहे त्यात हे मला कळलं होतं.”

ताईला काही समजेना. मग बोलली का नाहीस, असं ती ओरडलीच. एवढं सगळं कशासाठी केलं, कशाला दारं लावली, कशाला तोंड लपवून राहिलो? तिला खरोखर राग आला होता, कारण भीती ओसरू लागली की तिची जागा रागच घेतो.

“मी हसत होते त्यात,” धाकटी म्हणाली. “माझे दोन्ही हात मेणाने भरलेले होते. मला वाटलं, असू दे. कुठेतरी असू दे.”

तिने ताईला विचारलं नाही. पाठवा, असं मावशीला लिहिलं.

फोटो आला. पुढे ड्रायव्हरकाकांची कवळी होती आणि ती खरंच सुरेख होती, पण ताईने तिच्याकडे बघितलं नाही. मागच्या आरशात तिची बहीण तोंडभरून हसत होती, लहानपणी हसायची तशी. ते दोन दातही दिसत होते. डावा उजव्याहून पांढरा. पुढच्याच मिनिटाला मावशीने कळवलं, तिकडचा पुसला. आता तो फोटो, निदान त्यांना ठाऊक असलेल्या जगात, एकाच फोनमध्ये होता.

ताई कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, त्या डाव्याचा रंग आता तरी नीट करून देते.

तेवढ्यात बेल वाजली. दोघी एकमेकींचा हात धरून दाराकडे बघत उभ्या राहिल्या.