वर्गणी भाऊजींचं प्रायश्चित्त

फादर म्हणाले, शाळेच्या अंकात भाऊजींबद्दल तुम्हीच लिहा, तुम्हीच त्यांना सगळ्यात जास्त सहन केलंत. म्हणून लिहितेय. मी चौथीपर्यंत शिकले, चुकलं काही तर फादरांना बोला.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही, आमच्याकडेच असायचे. चर्चच्या शाळेत कारकून होते असं म्हणायचं, पण घंटा देणं, नळ दुरुस्त करणं, पोरांची नाकं पुसणं, सगळं तेच. आणि शाळेसाठी पैसे मागणं. फी थोडी, ती पण निम्म्यांची यायची नाही, मास्तरांचे पगार कायम मागेपुढे. म्हणून भाऊजी मागायचे. लग्नात मागायचे, मयताला मागायचे. एकदा एका म्हाताऱ्याला ऑपरेशनला आत नेत होते, तर हे बाजूबाजूने चालत म्हणतात, काका, बरे झालात तर शाळेला एक पंखा द्या. तो बरा झाला आणि पंखा दिला की हो. मग काय, यांना आणखीच चेव. सगळे त्यांना वर्गणी म्हणायचे. लांबून दिसले की माणसं गल्ली बदलायची. आमच्याकडे पाहुणे येईनात. मी म्हणायची, भाऊजी, निदान माझ्या माहेरच्यांना तरी सोडा. तर म्हणायचे, वहिनी, तुमच्या भावाने एका खिडकीचा शब्द दिलाय, ती बसली की सोडतो.

मग ते वाईट वर्ष आलं. लहान वर्गांचं छप्पर गळायला लागलं. बिशपांच्या ऑफिसातून निरोप आला, शाळा तोट्यात आहे, बिशप स्वतः रविवारी येऊन बघतील आणि काय ते ठरवतील. ठरवायचं कसलं, बंद करायचा कागद तयार होता, फक्त सही बाकी होती. हे कळलं त्या दिवशी भाऊजी ताटावरून उठले. आमचे हे समजूत घालायला गेले, अरे तुला काय, कुठेही चिकटशील. तर भाऊजी म्हणाले, "माझं नाही रे दादा. ही पोरं दुसऱ्या शाळेत जाणार नाहीत. ती घरी बसतील." खरं होतं ते. फी नसताना आमच्या पोरांना कोण दारात उभं करणार होतं?

बिशप यायच्या आधी छप्पर तरी झालं पाहिजे म्हणून भाऊजींनी शाळेच्या व्हरांड्यात जुन्या सामानाचा बाजार मांडला. ज्याने त्याने घरातली अडगळ आणून टाकली. तीन पायांची खुर्ची, मुका रेडिओ, सासूने दिलेल्या फुलदाण्या. फुलदाण्या तर इतक्या आल्या की गावात एकीचंही सासूशी पटत नाही हे उघड झालं. आणि भाऊजी विकत होते म्हणजे काय, मुका रेडिओ विकताना म्हणाले, शांत माणसाच्या घराला शोभेल. नादच लागला त्यांना. एकाशी घड्याळाचा भाव करतायत, दुसऱ्याच्या हातात बादली कोंबतायत. तेवढ्यात शिंप्याने मागून विचारलं, भिंतीकडचं ते मोठं कपाट कितीला? भाऊजींनी मान वळवून बघितलं पण नाही. म्हणाले, घ्या हो, द्याल ते द्या, पण आत्ता उचला. शिंप्याने उचललं. छपराचे पैसे जमले, सुताराला बोलावलं, वर पत्रे चढले. भाऊजी घरी शीळ घालत आले.

शनिवारी सकाळी फादर आमच्या दारात. आमचे फादर फार शांत माणूस. शांतपणेच म्हणाले, बिशप येणार म्हणून चर्चला आतून रंग चाललाय, रंगाऱ्यांनी तिथलं सामान शाळेच्या व्हरांड्यात ठेवलं होतं. सगळं परत आलं, कन्फेशनची पेटी तेवढी आली नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, ही एक उभी लाकडी पेटी असते. मधे जाळी. एका बाजूला फादर बसतात, दुसऱ्या बाजूला आपण गुडघे टेकून आपली पापं सांगतो. भाऊजी लहानपणापासून तिच्यात गुडघे टेकत आले होते. पण तिची पाठ कधी बघितली नव्हती. पाठीमागून ती कपाटच दिसते.

भाऊजींचं तोंड पाढे विसरलेल्या पोरासारखं झालं.

आम्ही दोघं शिंप्याकडे पळालो. या शिंप्याला सगळे "उद्या या" म्हणतात, कारण तो दुसरं काही बोलतच नाही. बघतो तर पेटी दुकानात मधोमध, वर पाटी, ट्रायल रूम. आत आपण गुडघे टेकतो तिथे आरसा ठोकलेला, फादर बसतात तिथे खुंट्या आणि खुंट्यांवर अर्धवट पँटी. भाऊजी त्याच्या हातापाया पडले. तो ऐकेना. त्याचं म्हणणं, माझा धंदा आत्ता कुठे सुधारलाय. आधी कपडा घट्ट झाला की गिऱ्हाईक माझ्या नावाने बोंब मारायचं. आता आत जातात, काय होतं कुणास ठाऊक, बाहेर येऊन आपणहून म्हणतात, शिंपीदादा, चूक माझीच, मीच सुटलोय.

शेवटी मी मधे पडले. म्हटलं, शाळेच्या गणवेशाचं काम तुम्हाला. भाऊजी माझ्याकडे बघतच राहिले, पण शिंपी कबूल झाला. तेव्हापासून आपल्या पोरांना गणवेश वर्ष अर्धं सरल्यावर मिळतात, त्याचं खापर भाऊजींवर फोडू नका. ते काम माझं आहे.

पेटी हातगाडीवर घालून आणली, वरून चादर टाकली. आरसा काही निघेना, स्क्रू गंजके लावलेले. राहू दे म्हटलं.

रविवारी बिशप आले ते ठरलेल्या वेळेच्या आधीच. शाळा नंतर बघू, म्हणाले, आधी लोकांची कन्फेशनं ऐकतो. आणि त्याच पेटीत जाऊन बसले. पहिलं कोण जाणार? सगळ्यांनी भाऊजींना पुढे ढकललं.

आत काय झालं ते भाऊजींनीच आम्हाला घरी सांगितलं. करणाऱ्याने स्वतःचं पाप सांगितलं तर चालतं, ऐकणाऱ्याने मात्र मरेपर्यंत तोंड उघडायचं नाही, असा नियम आहे. भाऊजींनी गुडघे टेकले, समोर आरशात स्वतःचंच तोंड. म्हणाले, "महाराज, तुम्ही बसलाय ती पेटी मी विकली होती." पलीकडे काहीतरी चाचपल्याचा आवाज आला. मग बिशप म्हणाले, तरीच माझ्या डोक्याला पँट लागतेय.

मग त्यांनी सगळं विचारून घेतलं. का विकली, पैसे कुठे गेले, छप्पर झालं का, पोरं किती गरीब. भाऊजी रडत रडत सांगत गेले. बाहेर आम्हाला फक्त पेटी हलताना दिसत होती. आम्हाला वाटलं बिशप मारतायत. ते हसत होते.

प्रायश्चित्त दिलं ते असं. दरवर्षी एकदा तू स्वतः माझ्याकडे यायचं आणि शाळा कशी चाललीय ते तोंडाने सांगायचं. तुझं प्रायश्चित्त पुरं होईपर्यंत मी त्या कागदावर सही करणार नाही. आणि ते कधी पुरं होणार, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

झालं. बिशपांच्या ऑफिसातले लोक डोकं धरून बसले. सही का होत नाही? बिशपांना सांगता येईना, कन्फेशनमधली गोष्ट. वर्षामागून वर्षं गेली, भाऊजी बस पकडून जायचे, सांगून यायचे, येताना त्या ऑफिसातल्या लोकांकडूनच वर्गणी आणायचे. आरसा अजून पेटीत आहे. फादर म्हणतात, हल्ली लोक पापं थोडक्यात उरकतात.

यंदा भाऊजी गेले. दुखणं दोन आठवड्यांचं, नर्सकडेसुद्धा खडूंसाठी मागून झालं. मातीला इतकी माणसं आली की मला कळेना एवढी ओळखत होती तर रस्ता का बदलत होती. घरी आल्यावर हे एकटेच भाऊजींच्या खाटेवर बसून राहिले. मला मात्र एकच घोर लागला, यंदा बिशपांकडे कोण जाणार?

मीच गेले. दारावरच्या माणसाने काम विचारलं. म्हटलं, दिराचं प्रायश्चित्त करायला आलेय. तो म्हणाला, आजी, प्रायश्चित्त असं घरात वाटून घेता येत नाही. मी म्हटलं, त्यांचे कपडे मी धुतले, दुखण्यात मी केलं, तेव्हा कोणी नाही म्हणालं नाही, आता हेच तेवढं नको होय?

बिशप आता फार थकलेत. त्यांनी आत घेतलं. मी म्हटलं, भाऊजींच्या बदली आलेय. तोंडावरची माशी हलली नाही त्यांची. म्हणाले, कशाबद्दल, मला काही माहीत नाही. मला ठाऊकच होतं, त्यांना बोलता येत नाही. म्हणून मीच बोलले. पत्रे टिकून आहेत, एका वर्गाची भिंत ओल धरते, यंदा पोरं वाढलीत, नव्या बाई चांगल्या शिकवतात पण चिडक्या आहेत. सगळं सांगितलं. ते खिडकीकडे बघत ऐकत होते. मधेच चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला.

मी उठले तेव्हा म्हणाले, "जिने फार आहेत इथे. पुढच्या वर्षी आलात की खालीच थांबा, मी उतरून येईन."