गादीवरची जागा

विक्रीकर खात्यात निरीक्षक म्हणून लागलो तेव्हा आम्ही गल्लीभर पेढे वाटले. ज्यांनी ते खाल्ले, तेच पुढं मला बघून आवाज खाली घ्यायला लागले. किराणा दुकानात गेलो की दुकानदार एकतर पैसे घ्यायला तयार नसे, नाहीतर पाव किलो साखरेचंही पक्कं बिल हातात ठेवी. साधं गिऱ्हाईक म्हणून मला कुणी धरलंच नाही. माझं मी सोसलं असतं. राग आहे तो वडिलांसाठी.

वडील निवृत्त मास्तर. आई लवकर गेलेली. संध्याकाळ झाली की टोपी घालून ते महाद्वार रोडवर कापड दुकानदार मित्राकडं जात. दोघं शाळेपासूनचे सोबती. मित्राच्या कपाळाला विभूती, तोंडात तंबाखू आणि आवाज असा की रस्त्यापलीकडं ऐकू जावा. "ये की मास्तर, बस हिकडं," म्हणत तो स्वतः सरकून वडिलांना गादीवर गल्ल्याशेजारी जागा करून देई. मग चहा, शिव्या, राजकारण, गेलेल्या गिऱ्हाइकाची टिंगल. वडील त्या बैठकीवरच जगत होते म्हटलं तरी चालेल.

मी नोकरीला लागलो आणि त्या दुकानात वडिलांसाठी खुर्ची आली. चांगली, हाताची. "बसा मास्तर, गुडघं दुखत असतील." ती ठेवली होती गल्ल्यापासून लांब, गिऱ्हाइकांच्या बाजूला. वडिलांचे गुडघे ठणठणीत होते. घरी येऊन म्हणाले, "मान वाढला रे माझा तुझ्यामुळं," आणि न जेवता झोपले.

मी बदली मागून इचलकरंजीला गेलो. कोल्हापूर आपल्या हद्दीत नाही म्हटल्यावर खुर्ची जाईल, असं वाटलं होतं. पण खात्याची एक पद्धत होती. दुकानावर धाड घालायची (कागदावर तिला 'भेट' म्हणत) तर माणसं बाहेरगावची न्यायची, ओळखीची तोंडं नकोत म्हणून. आणि कुठं जायचंय हे जीप थांबेपर्यंत सांगायचं नाही. एका संध्याकाळी जीप महाद्वार रोडवर थांबली, नेमकी त्याच दुकानासमोर.

खुर्चीत वडील बसले होते.

मी साहेबांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं, मला यातून सोडा म्हणालो. "मग दारात उभा राहा," साहेब म्हणाले. शटर अर्धं खाली आलं. तपासणी चालू असताना आतल्या माणसाला बाहेर सोडत नाहीत, म्हणून वडीलही आतच. साहेब इकडं तिकडं न बघता तडक माडीवर, दोन नंबरच्या वह्या ठेवलेल्या कोपऱ्यातल्या कपाटाशी गेले. एवढी आतली माहिती घरच्या किंवा घरच्यासारख्या माणसाशिवाय कुणाला असणार? मित्रानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तो वडिलांकडं वळला.

"तुमीच सांगितलासा व्हय, मास्तर?"

त्या माणसाला इतकं हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. वडिलांनी नुसती नकाराची मान हलवली.

परत जाताना साहेबांनी हसत सांगितलं की खबर मित्राच्या सख्ख्या धाकट्या भावानं दिली होती. वाटणीवरून आतल्या आत धुसफूस होती. खबर देणाऱ्याचं नाव फोडायचं नाही हा नियम, पण गेला खड्ड्यात तो नियम. मी तसाच कोल्हापूरला घरी जाऊन वडिलांना सांगितलं. उद्याच दुकानात जाऊन बोलतो म्हणालो.

वडिलांनी माझा हात धरला. "न्हाई सांगायचं. भाऊ-भाऊ कोर्टात जातील. त्याला पाठचा तेवढा एकच हाय."

"आणि तुमचं काय?"

"मला पेपर हाय की वाचायला."

आणि आईची शपथ घातली. पुढं कित्येक वर्षं संध्याकाळ झाली की ते टोपी घालायचे आणि दाराशी सकाळचाच पेपर पुन्हा वाचत बसायचे. एवढा मोठेपणा करायला त्यांना कुणी सांगितलं होतं? मला अजून चीड येते.

विक्रीकर जाऊन व्हॅट आला त्या सुमाराला वडील गेले. तिसऱ्या दिवशी मित्र भेटायला आला, धाकट्या भावाच्या खांद्याचा आधार घेत. मी भिंतीशी गादी घातली होती. भाऊ तिच्यावर ऐसपैस बसला, लोड पाठीशी ओढून घेतला आणि म्हणाला, "मास्तर म्हणजे देवमाणूस." मित्र उभाच राहिला.

"बसा की काका," मी गादीकडं हात केला.

"नको साहेब. खुर्ची असली तर बघा."

लहानपणी याच माणसानं मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती. सगळं बोलून टाकावं असं पार ओठांशी आलं. शपथ घालणारा गेला की शपथ सुटते का, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी आतून खुर्ची आणून दिली. त्यांनी ती भावाच्या जवळ सरकवून घेतली आणि बसले.