पंधरा तासांचं ऊन

“पंधरा म्हणजे पंधरा, ताई. डॉक्टरांनी चौदा म्हटलेलं नाही, आणि साडेचौदाही नाही.”

“मला पाढे शिकवू नकोस.”

“मग मशीन आत्ता बंद का आहे?”

“बंद नाहीये. विश्रांती देतेय.”

“कुणाला? मशीनला, की आप्पांना?”

थोरलीनं खळीचा ब्रश वाटीच्या काठावर निपटला आणि समोरच्या पुस्तकाच्या पाठीवर कापडाची पट्टी अशी काही दाबून बसवली, जणू उलट उत्तर ते पुस्तकच देत होतं. खिडकीपाशी खाटेवर आप्पा उशांना टेकून बसले होते. प्राणवायूची नळी त्यांच्या कानांवरून नाकाशी आलेली होती, पण तिच्यातून काहीच येत नव्हतं. बाहेर धुकं होतं. आजचा सहावा दिवस.

धाकटी रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. खाली पुलापाशी भाड्याची गाडी उभी करून, वाटेपुरता एक छोटा सिलिंडर खांद्याला लटकवून ती दीडशे पायऱ्या चढून आली होती आणि आज आप्पांना घेऊन जाणार, हे दारातच सांगून मोकळी झाली होती. खाली न्यायला ड्रायव्हर आणि आणखी एकजण खुर्ची घेऊन वर येतील, खोली रिकामी केलीय, खाटेच्या दोन्ही बाजूंना प्लग आहेत, वीज गेली तर इमारतीचा जनरेटर आहे. थोरलीनं सगळं ऐकून घेतलं आणि चहा ठेवला. त्यातही ओली लाकडं पेटता पेटेनात. धाकटी बघत होती, हे तिला पाठीवर कळत होतं.

आठ वर्षांपूर्वी थोरलीनं छापखान्यातली नोकरी सोडली. एकोणीस वर्षं बांधणी विभागात; कापणीयंत्राचा दणका झोपेतही ऐकू यायचा. सगळी पुंजी घालून तिनं हा उतार विकत घेतला. नुसता दगड, जो फुकट दिला तरी कुणी घेतला नसता. डोकं फिरलं, असंच सगळे म्हणाले. धाकटी तर सहा महिने बोलली नाही. आप्पांनी तेवढं एकच विचारलं होतं, “दगड कसा आहे तिथला?” आणि पुढच्या आठवड्यात आपला हातोडा, ओळंबा आणि थापी घेऊन ते हजर झाले. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. दोन हिवाळे बाप-लेक मिळून भिंती चढवत होते. हातभर जाडीच्या.

या घरात वायर आली नाही, नळ आला नाही. झऱ्याचं पाणी पाइपातून आपल्या वजनानं उतरून पिंपात पडतं. छपरावर चार पॅनेल, खाली पेटीत चार बॅटऱ्या. आप्पा पॅनेलांना जावई म्हणत. उंचावर बसतात, रोज पुसून-पासून ठेवावं लागतं, आणि देतात ते मनात आलं तरच. थोरली सकाळी आधी आकाश बघायची आणि मग चूल. ऊन असलं की छिद्रं पाडायचं यंत्र, मोबाइल, दळण. ढग आले की हातशिलाई. ग्रंथालयांची फाटकी पुस्तकं गठ्ठ्यानं बसमधून यायची, शिवून परत जायची. संध्याकाळी दिवा लावला की तो उजेड कालपरवा आपणच मिळवलेला आहे, याची तिला चक्क मिजास वाटायची. पाइप उंदरांनी कुरतडला, बॅटरी काठीला बांधून दोघांनी खांद्यावरून चढवली, आठ-आठ दिवस कपडे वाळले नाहीत, ते ती खुशाल हसत सांगायची. या घरात ती पहिल्यांदा सलग आठ तास झोपली होती.

आणि मग आप्पांच्या छातीत चाळीस वर्षांची दगडाची धूळ बोलायला लागली. दवाखान्यातून आले ते मशीन घेऊनच. धाकटीकडे जायला त्यांनी तेव्हाच नकार दिला होता.

थोरलीनं कंबर कसली. फ्रिज देऊन टाकला. यंत्र बंद, दिवा एकच. जनरेटरही आणून पाहिला, पण त्याच्या धुरानं आप्पांना असा ठसका लागला की दुसऱ्या दिवशी तो परत गेला. तरी बॅटऱ्या दम धरेनात. कारण तिला माहीत होतं, आणि ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. बॅटरीत घालायचं दुकानातलं पाणी उन्हाळ्यात संपलं होतं. दुकान दोन बसेस बदलून. तिनं झऱ्याचं पाणी उकळलं, तीनदा कापडानं गाळलं आणि घातलं. येणारा-जाणारा ज्या पाण्याची तारीफ करतो, बाटल्या भरून नेतो, त्यानं काय वाईट होणार? माणसाला मानवतं ते बॅटरीला मारतं, हे तिनं नंतर रिकाम्या कॅनच्या पाठीवर वाचलं.

धाकटी वाद घालत घालत मशीनपुढे गुडघ्यावर बसली होती. ओढणीनं धूळ पुसताना तिचा हात थांबला. मशीनवर एक बारीक खिडकी होती, आणि तीत ते आजवर किती तास चाललं त्याचा आकडा. धाकटीनं पर्समधून दवाखान्याचा कागद काढला. काहीही सुरू करण्याआधी आकडा टिपून ठेवायचा, ही तिची लॅबमधली सवय. मशीन घेतलं त्या दिवशीचा आकडा कागदाच्या पाठीवर होता.

मोबाइलवर तिची बोटं चालली आणि ती हळू आवाजात म्हणाली, “चव्वेचाळीस दिवस झाले. सहाशे साठ तास हवे होते. चाललंय तीनशे एक्क्याण्णव. दिवसाला नऊसुद्धा नाहीत, ताई.”

थोरलीच्या हातातली सुई थांबली. मग तिनं ती पिनकुशनमध्ये खोचली आणि जे दोन महिने गिळलं होतं ते बोलून टाकलं. बॅटऱ्या मी मारल्या. झऱ्याचं पाणी घातलं. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता आणि तुला सांगायची लाज वाटली. एवढं सगळं तिनं एका दमात सांगितलं, अगदी सपाट आवाजात, आणि आता धाकटी फाडून खाणार म्हणून वाट बघत उभी राहिली.

धाकटी भडकली नाही. ती अजून कागदाकडेच बघत होती. तिनं विचारलं, धुक्याआधी मशीन अधूनमधून बंद पडायचं का? थोरली म्हणाली, दिवा लाल व्हायचा, पण पडलं कधीच नाही. रात्री चालू करून ती शेजारच्या खोलीत झोपायची, पहाटे उठून बघायची तर चालूच. बंद पडलं ते या सहा दिवसांत.

“सहा दिवस अगदी ठप्प असतं तरी नव्वद तास जातात. इथे दोनशे एकोणसत्तर कमी आहेत.” धाकटीनं मान वर केली. “बाकीचे कुठे गेले?”

दोघी एकदमच आप्पांकडे वळल्या.

“माझ्याकडे काय बघता? या डावात मी कच्चा लिंबू,” आप्पा म्हणाले. कुणी हसलं नाही. मग त्यांनी सांगून पाहिलं की मशीनचा आवाज फार, डोळा लागत नाही. धाकटी त्यांच्या पायथ्याशी जाऊन बसली आणि नुसतं “आप्पा” म्हणाली. लहानपणी ती खोटं बोलली की ते ज्या सुरात तिचं नाव घेत, त्या सुरात.

 आप्पांना बोलायला आधी श्वास जमवावा लागला.

“तो लाल दिवा लागला की ही उठते,” ते धाकटीला म्हणाले, जणू थोरली तिथे नव्हतीच. “खाली जाऊन बॅटऱ्यांपाशी बसते. तोंड असं, की घरात कुणी गेलंय. मग ही झोपली की मी बटण बंद करायचो. पहाटे हिला जाग यायच्या आत चालू.”

“कधीपासून?” थोरलीनं विचारलं.

“आल्यावर आठवड्याभरानं.”

हातभर जाडीची भिंत. पलीकडचं मशीन थांबलं तरी अलीकडे कळू नये अशी. तिनं त्या भिंतीकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

“मशीन इथे चालेल, असं हिला मीच सांगितलं होतं,” आप्पा म्हणाले. “मग माझ्याच नाकापायी हे घर बंद पडू देऊ? थोड्या कमी वाऱ्यानं माणूस मरत नाही गं.”

धाकटीनं त्यांच्या बोटाला चिमट्यासारखं छोटं यंत्र लावलं. आकडा आला तो तिनं मोठ्यानं वाचला नाही. फक्त आप्पांचा हात उचलून थोरलीच्या बाजूला वळवला. त्र्याऐंशी. शंभराच्या जवळ हवा असतो, एवढं थोरलीलाही ठाऊक होतं. त्या आकड्याखाली बापाचं नख निळसर पडलेलं होतं. रोज त्याच हातात ती चहाचा कप देत होती.

“माझ्या घरात मरायचं होतं का तुम्हाला?” तिचा आवाज फाटला.

“जगायचं होतं,” आप्पा म्हणाले. “इथे.”

धाकटी सिलिंडरची चावी फिरवत होती. नळी जोडली, तसा आप्पांच्या छातीचा भाता जरा सैल झाला. थोरली तेवढा वेळ जागची हलली नाही. मग ती मशीनपाशी गेली, प्लग ओढला आणि वायर कोपर ते पंजा अशी मोजून गुंडाळायला लागली.

“बाई, घाई करू नकोस,” आप्पा खाटेवरून म्हणाले. “उद्या ऊन पडेल.”

तिनं वायरीला गाठ मारली. औषधांची पिशवी मशीनच्या मुठीत अडकवली. आप्पांची शाल, चष्मा, दाढीचं सामान एका टॉवेलात बांधून तिनं ते धाकटीच्या मांडीवर ठेवलं. मघापर्यंत हट्टानं भांडणारी धाकटी आता त्या गाठोड्याकडे बघत राहिली. जिंकलेल्या माणसाचा चेहरा तिला काही जमला नाही.

“ताई, तूही चल,” ती म्हणाली. “कायमची नको. हे धुकं सरेपर्यंत तरी. एकटी काय करणार आहेस इथे? ताई, मी तुझ्याशी बोलतेय. येतेस ना?”

मशीन पंधरा किलोचं, खाली चाकं, पण पायऱ्यांवर चाकांचा काय उपयोग. थोरलीनं ते मुलासारखं कमरेवर घेतलं, पायानं दार लोटलं आणि धुक्यात पायऱ्या उतरायला लागली.