दात, नखं आणि मोठे गुरुजी

या सगळ्याला जबाबदार मोठे गुरुजी. हे आधीच सांगून टाकतो, कारण बालवाडीचे किस्से कापसाच्या गंजीसारखे असतात. एकावर एक टाकत गेलं की गंज तेवढी दिसते, खाली कोण दबलाय ते दिसत नाही.

पंच्याहत्तरच्या आसपासची गोष्ट. मी वाशिमचं कॉलेज पहिल्याच वर्षी सोडून घरी आलो होतो. गाव आमचं केनवडच्या बाजाराला बैलगाडीनं जाणारं. नाव सांगत नाही, बरीच मंडळी अजून जिवंत आहेत. बुढा, म्हणजे आमचे वडील, मी ताटावर बसलो की ऐकवायचा, "कॉलेजाले गेलता, काय आणलं? केसं वाढवून आणले!"

अशात शाळेच्या ओसरीवर बालवाडी निघाली आणि मी तिथला 'लहान गुरुजी' झालो. तात्पुरता. पंचायत समितीचे सभापती येऊन पाहणार, पसंत पडलं तर जागा कायम. मला ती जागा हवी होती. अर्धवट शिकलेल्याला दुसरं विचारत होतं कोण?

*

मोठे गुरुजी म्हणजे शाळेचे हेडमास्तर. अकोल्याच्या शिबिरातून ते एक खूळ घेऊन आले. प्रत्येक बालकानं आरोग्याचं ध्येय स्वतः ठरवायचं आणि पाळलं की त्याची खूण करायची, रोज! हे सांगताना गालात तंबाखू. दर वाक्याला खिडकीतून पिचकारी. त्या खिडकीखाली गवतसुद्धा उगवत नव्हतं.

पाच-पाच वर्षांची पोट्टी ती. "ध्येय म्हणजे काय जी?"

"जे रोज करीन म्हणलं, ते रोज करायचं," मी म्हणालो.

शेवंता उठली. ही सगळ्यात चुणचुणीत. "मी रोज नाक पुसीन."

"शाबास! कशानं पुसशील?"

"भावाच्या सदऱ्यानं!"

मग गंगाधर. "मी आंगोळ करीन."

"रोज?"

"बैल धुतीन तवा."

"अरे, बैल काय रोज धुतात?"

"मंग मलेच कायले रोज?"

याच्यावर शिबिरात काही सांगितलेलं नव्हतं.

*

खूण करायला कागद कुठला? ओसरीच्या मातीच्या भिंतीवर मी प्रत्येकाचं एक चित्र काढलं. कोणाचा राघू, कोणाचा बैल, शेवंताची चूल. ध्येय पाळलं की चित्राखाली गेरूचा एक ठिपका, ज्याचा त्यानं लावायचा. पोट्टी इतकी पेटली की घरून धावतच यायची. भिंत लालेलाल!

शाळा झाडायला कौसाबाई यायची. सण आला. सणाला भिंत सारवायची, ही तिची चाळीस वर्षांची सवय. सोमवारी येऊन बघतो तर सगळीकडे शेणमाती. राघू नाही, बैल नाही, ठिपका नाही.

मोठे गुरुजी किंचाळले, "कौसाबाई! अवो, पोरांची सगळी स्वच्छता गेली कुठं?"

"हे काय जी," कौसाबाई म्हणाली, "भिताड कसं लखलखून राह्यलं! पोट्ट्यायनं बोटं पुसून पुसून पार घाण करून ठेवलं होतं!"

*

मग मी काड्यापेट्या जमवल्या. ध्येय पाळलं की घरून एक सरकी आणायची आणि आपल्या पेटीत टाकायची. सरकीला आमच्याकडे काय तोटा!

पाटलाच्या नातवाचं ध्येय होतं दात घासायचं. बाकीच्यांच्या पेटीचं बूडही झाकलं नव्हतं, तेव्हा त्याची पेटी उतू गेली. पोराचे दात मात्र पिवळेधमक.

पाटील स्वतः आले, मिशीवर हात. "पाह्यलं का? नातू कोणाचा हाये!"

"पाटील, याचे दात तर घासलेले दिसत नाहीत."

"घासले नं! गडी घासते रोज, त्याच्या नावानं."

"गड्याचे दात?"

"मंग? घरात गडी असल्यावर पाटलाच्या पोरानं कायले घासावं?"

त्या गड्याचे दात, खरं सांगतो, गावात सगळ्यात पांढरे होते.

*

पोट्ट्यांनी एक दिवस मोठ्या गुरुजींनाच पकडलं. "तुमचं ध्येय काय जी?"

गुरुजींनी खिडकीतून एक पिचकारी टाकली. शेवटी म्हणाले, "मी तंबाखू फक्त जेवण झाल्यावरच खाईन."

टाळ्या! दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या खिशात फुटाणे आले. एक फुटाणा तोंडात टाकायचा, चावायचा, मोठ्यानं जाहीर करायचं, "झालं जेवण!" आणि चुना काढायचा.

त्यांच्या पेटीत सरकी सगळ्यात जास्त.

*

विमल बौद्धवाड्यातली. तिचं ध्येय, पाणी घ्यायच्या आधी हात धुवायचे. ओसरीवर रांजण होता. त्या वाड्यातल्या पोरांना कौसाबाई वरून पाणी घालायची. कायदा कधीचाच झाला होता, आमच्या गावाला कळवायचं राहिलं होतं. मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "ज्याचे हात धुतलेले, त्यानं स्वतः घ्यायचं."

विमलनं राखेनं हात घासले, धुतले आणि रांजणात ओगराळं बुडवलं. नेमके तेव्हाच पाटील आले.

"ए पोरी! रांजणाले हात लावला?"

तिनं दोन्ही तळवे त्यांच्या नाकाशी धरले. "धुतला नं जी! वास घेऊन पाहा."

पाटलांनी मोठ्या गुरुजींकडे बघितलं. मोठ्या गुरुजींनी फुटाणा तोंडात टाकला.

*

सभापती यायचे म्हणून मोठ्या गुरुजींनी पोट्ट्यांना बजावलं, "साहेब आले म्हणून घाबरायचं नाही. रोज करता तसंच करायचं. काहीही बदलायचं नाही!" पोट्ट्यांनी ऐकलं. मोठ्यांचं ऐकलं की असंच होतं.

रोजची रीत अशी, की एकानं दारात उभं राहून येईल त्याच्या हाताची नखं आणि दात तपासायचे. पास झाला तर आत, नाहीतर घरी जाऊन धुऊन यायचं. त्या दिवशी पाळी शेवंताची.

जीप आली. पाटील हार घेऊन पुढे. सभापती दारात पोचले आणि शेवंता आडवी आली.

"हात दावा."

सगळे हसले. सभापतीही हसले, हात पुढे केले.

"आ करा."

सभापतींनी कौतुकानं आ केला. आत भरलेलं पान! शेवंतानं टाचा उंचावून नीट बघितलं.

"बाप्पा!" ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "लहान गुरुजी, याहिले घरी पाठवू?"

मोठे गुरुजी आढ्याकडे बघत होते. पाटील माझ्याकडे. आणि आतून सगळी पोट्टी माझ्याकडे.

"नियम काय आहे?" मी विचारलं.

शेवंतानं दोन्ही हात दाराला लावले. "घरी जा, आजोबा. धुऊन या, मंग बसा."

सभापतींचं तोंड भरलेलं, त्यांना बोलताही येईना. ते वळले. हार पाटलांच्या हातातच राहिला. जीप धुरळा उडवत गेली.

शाळा सुटली तरी शेवंता दारातून हलेना.

"चल गं घरी," मी म्हणालो.

"अजून नाई आले," ती रस्त्याकडे बघत म्हणाली. "लई दूर राह्यते काय त्याहिचं घर?"

माझी जागा मंजूर झाली नाही.