डाव्या नाकपुडीचा मुहूर्त

पंचांग बाजूला ठेवून केवळ स्वतःच्या नाकावर सगळा संसार चालवणारा माणूस शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू आहे. धसईला त्यांची भातशेती. घराबाहेर पडण्याआधी ते उंबरठ्याशी थांबतात, नाकाखाली बोट आडवं धरतात आणि कोणत्या नाकपुडीतून वारा येतोय ते बघतात. डावी चालू असेल तर शुभकार्याला निघावं, डावा पाय आधी टाकून. उजवी असेल तर व्यापाऱ्याशी भावाची हुज्जत घालायला, उजवा पाय टाकून. आणि दोन्ही सारख्याच चालत असतील तर देवाचं नाव घेत घरात बसावं, असं त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं. मी हिशेबी माणूस, माझा यावर विश्वास नाही. तरी शहापूरला घराला कुलूप लावताना माझंही बोट नाकाखाली जाऊन येतं. तपासायला काय हरकत आहे?

नाक धड होतं तोवर हे ठीक चाललं. मग एका सर्दीत त्यांना कोणीतरी नाकात मारायचा स्प्रे आणून दिला. सर्दी गेली, पण हवी ती नाकपुडी हवी तेव्हा उघडता येते हा शोध साडूंना लागला. बारशाला जायचंय, मार डावीत. बाजाराला जायचंय, मार उजवीत. "साडूभाऊ, मुहूर्त आता माज्या खिशात हाय," ते बाटली दाखवून म्हणाले. खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद वाचायची मला सवय आहे. हे औषध मोजकेच दिवस वापरावं असं त्यात स्पष्ट छापलं होतं. मी मोठ्याने वाचून दाखवलं.

"ते आजारी मानसांसाठी. मी कुठं आजारी हाय?"

पुढे व्हायचं तेच झालं. औषधाचा असर उतरला की नाक आधीहून घट्ट चोंदायचं, मग पुन्हा फवारा, पुन्हा घट्ट. शेवटी दोन्हीकडून वारा बंद आणि साडू घरात बंद. त्याच सुमाराला त्यांच्या लेकीचं टोकावड्याला जमत आलं होतं. मुलगा तिने स्वतः पसंत केलेला. बोलणी करायला बापाने जायचं, तर ठरलेला दिवस दोनदा डाव्या नाकपुडीपायी हुकला. मुलाच्या काकांचा निरोप आला, "महिनाअखेरच्या रविवारी नाय आलात, तर आमी काय ते समजून घेऊ." पोरगी जेवेनाशी झाली.

दवाखान्यात जायला मुहूर्त लागत नाही, असं ठासून सांगून मी साडूंना जीपमधून मुरबाडला नेलं. डॉक्टरीणबाईंनी नाकात बॅटरी मारली आणि बाटली काढून घेतली. "याच्याच अतिवापराने आत सूज आलीय. थोडे दिवस त्रास होईल, पण हे बंद. आता हा स्प्रे मारा. नुसतं मिठाचं पाणी आहे, नाक ओलं राहतं, सवय लागत नाही."

साडूंनी नवी बाटली हलवून पाहिली. "यानं कुटली उघडंल? डावी का उजवी?"

"दोन्ही."

"दोन्ही घेऊन मी काय करू, बाय?"

त्या रविवारी जीप दारात उभी होती. साडू पांढरी टोपी घालून उंबरठ्याशी आले, बोट धरलं आणि मटकन खाली बसले. "दोन्ही चालू. एकसारख्या." कित्येक महिन्यांनी त्या माणसाचं नाक इतकं मोकळं झालं होतं, आणि चेहरा मात्र घरात कोणी गेल्यासारखा. ताईने, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीने, डोळ्यांना पदर लावला. मी नव्या बाटलीच्या कागदावर काय छापलंय ते सांगू लागलो, पण कोणी ऐकेना.

लेक आतून आली. बापासमोर उभी राहिली. "बाबा, डावी चालली तर डावा पाय, उजवी चालली तर उजवा. बराबर ना?"

"बराबर."

"मंग दोन्ही चालल्या तर दोन्ही पाय टाका की एकदम! तसं करू नको असं आजोबांनी कदी म्हनलं होतं काय?"

साडूंनी बराच विचार केला. घरात बसावं असं वडील म्हणाले होते, पण उडी मारू नये असं काही म्हणाले नव्हते. ते उठले, माझा दंड घट्ट धरला आणि उंबरठ्यावरून दोन्ही पायांनी बाहेर उडी मारली. टोपी अंगणात पडली. "चला," म्हणाले.

बोलणी झाली, लग्नही झालं. पाठवणीच्या वेळी साडू मांडवाच्या खांबाला टेकून होते. मी हळूच विचारलं, "कुठली चालू?" त्यांनी नुसतीच मान हलवली. रडून दोन्ही बंद. लेक उंबरठ्यापाशी आली, बापाकडे पाहिलं, शालू घोट्यापर्यंत उचलला आणि दोन्ही पायांनी बाहेर उडी मारली. वऱ्हाडातल्या बायका ओरडल्या, "गो, पडशील!" साडू रडता रडता हसले.

आता बाजाराला निघताना ते नाकाखाली बोट धरत नाहीत, हवा त्या पायाने निघतात. पण टोकावड्याला लेकीकडे जायचं असलं की उंबरठ्याशी जरा थांबतात, आसपास कोणी नाही ना बघतात. ताई सांगते, आत चुलीपाशी तिला एकच आवाज येतो. धप्प.