एकूण कोणी विचारत नाही

गेल्या वर्षी मार्चच्या पहिल्या शनिवारी माझ्या मुलाच्या क्रेडिट कार्डावर नऊ हजार सहाशे डॉलर थकले होते. मरीन परेडच्या मॉलमधल्या एका स्टॉलपाशी तेव्हा आम्ही तिघे होतो: मी, मुलगा आणि तिथं कर्ज विकणारा माणूस.

त्याच्यामागे, सही करणाऱ्यांना फुकट वाटायच्या प्रवासी बॅगांची उतरंड होती. बोलता बोलता तो त्यांवर थापट्या मारायचा, कलिंगड पारखावं तशा. माझ्याकडे त्यानं पाहिलंच नाही. टोपण काढून पेन सरळ मुलाच्या हातात दिलं.

"ब्रो, आमच्या लोनमधून कार्ड फेडून टाक. पाच वर्षं, महिन्याला फक्त दोनशे वीस, लाह," तो म्हणाला. इथं बोलताना वाक्यामागे 'लाह' लावतातच.

"एकूण किती भरायचे?" मी विचारलं.

तो हसला. "अंकल, एकूण कोणी विचारतं का? सगळे महिन्याचंच विचारतात."

माझं डोकंच फिरलं. "साठ हप्ते! तेरा हजार दोनशे!" मी ओरडलो. लोक वळून पाहू लागले.

"पपा, चिल लाह," मुलगा पुटपुटला. पण सही न करता त्यानं पेन खाली ठेवलं.

तो माणूस खोटं बोलला असता तर मी विसरलो असतो. तो खरं बोलला, म्हणून अजून संताप होतो.

मुलानं पगारातून दरमहा आठशे भरले. गेल्या आठवड्यात शेवटचे सातशे साठ गेले. व्याज धरून एकूण अकरा हजार एकशे साठ, कार्डाच्या बँकेला. बॅगा थोपटणाऱ्याला एक सेंटही नाही.