ब्रेक ठीक होता

मल्लेशप्पा कडेमनी आमच्या गदगच्या बाजूला अठरा वर्षं एसटी चालवायचा, मी त्याचा कंडक्टर. ड्युटी संपली की तक्रारवहीत गाडीचं दुखणं लिहायचा: क्लच घसरतोय, वायपर मेला. खाली माझी सही.

त्या उन्हाळ्यात ड्रायव्हर कमी पडले. मल्लेशप्पा डबल ड्युट्या ओढत राहिला. भाकरी अर्धी टाकू लागला, बोलणं बंद झालं. मीच डिवचायचो, "अण्णा, वैनीनं तोंडाला कुलूप घातलंय का?"

एक दिवस रोणच्या रस्त्याला त्यानं गाडी कडेला घेऊन बंद केली.

"काय झालं?"

"पाय उचलंना, वीरू."

"मुंग्या आल्या?"

"काय न्हाई झालं. पर होईना."

डोळ्यांतून पाणी गळत होतं, त्याला ठाऊकच नव्हतं. मागं पन्नास माणसं गलका करत होती. खरं सांगतो, मला त्याची लाज वाटली. आमच्याकडं डोकं बिघडलं म्हणायचं झालं, तर 'धारवाडला धाडा याला' म्हणतात; वेड्यांचा दवाखाना तिथं. मी ओरडलो, "ब्रेक गेलाय, उतरा."

संध्याकाळी त्यानं वहीत तेच लिहिलं. मी सही ठोकली.

तो ब्रेक आदल्याच दिवशी डेपोतल्या हुसेनसाब मिस्त्रीनं नीट केलेला. गाडी तपासायच्या आधीच डेपोच्या साहेबानं त्याला घरी बसवायचा कागद काढला. हुसेनसाब आमच्यापाशी आला. आवाज चढवला नाही.

"मल्लेशी, दोघं एका ताटात जेवलो. माझ्या हातात खोट कुठं दिसली, तेवढं दाखव."

मल्लेशप्पा पाठ फिरवून चालू लागला. मीही त्याच्या मागं.

दुसऱ्या दिवशी मल्लेशप्पानं वही मागून घेतली. कालची ओळ खोडून लिहिलं: 'ब्रेक ठीक. ड्रायव्हर नादुरुस्त. तीन महिने झोप नाही. जगावं वाटत नाही.'

साहेबानं मोठ्यानं वाचलं. कुणीतरी फिसकन हसलं. पुढच्या रकान्यात मिस्त्रीनं केलेली दुरुस्ती लिहायची असते. हुसेनसाबनं पेन घेतलं: 'गाडी देऊ नये. दवाखान्यात न्यावं.' मी पुन्हा सही केली.

सोमवारी मल्लेशप्पा आणि मी एसटीत प्रवासी म्हणून बसलो. कंडक्टर ओळखीचा निघाला.

"कुठं अण्णा, सासुरवाडीला?"

"हुबळी दे," मल्लेशप्पा पुटपुटला.

"धारवाड," मी म्हटलं, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं. "दोन."